पोचपावती

टेनेसीत, ओक रिजच्या घळीत,
जिथे सकाळी धुकंसुद्धा बिल्ला दाखवून आत आल्यासारखं वाटतं,
आम्ही बर्केलियम धुतो.
धुतो म्हणजे अक्षरशः :
आम्लात विरघळव, गाळ, वाळव, परत विरघळव
मीटरभर जाड, पिवळट काचेच्या पलीकडे,
जिथे माणसाचा हात जात नाही.

जातात ते व्हर्लीन स्टूक्सबरीचे लोखंडी हात.
ती बाहेर मनगट वळवते, आत चिमटा वळतो.
एकतीस वर्षांत एक बाटली सांडली नाही.
एकदा काम नव्हतं तेव्हा
त्याच चिमट्यांनी तिनं सुईत दोरा ओवून दाखवला,
मग म्हणाली, "घरी मात्र चष्म्याशिवाय जमत नाही."

तिची आई युद्धात इथेच स्टुलावर बसायची.
समोरचा काटा मधोमध ठेवायचा, बस्स.
कशाचा काटा, हे विचारणारी मुलगी
दुसऱ्या दिवशी स्टुलावर नसायची.
"मला निदान माहीत आहे," व्हर्लीन म्हणते,
"मी काय धुतेय ते."

अडीचशे दिवस अणुभट्टीत शेकलं,
तीन महिने निववलं, तीन महिने निवडलं.
तांदळातून खडे काढतात तसं नव्हे,
खड्यांतून तांदूळ.
शेवटी कुपीच्या तळाशी हिरवट थेंब.
बावीस मिलिग्रॅम. गुंजेचा पाचवा हिस्साही नाही,
सोनारानं ताजव्यावरून फुंकून टाकला असता.

आणि तो थांबत नाही.
तीनशे तीस दिवसांत निम्मा,
उरलेल्याचा पुन्हा तेवढ्यातच निम्मा.
उन्हातून बर्फाची लादी घेऊन निघालेल्या माणसासारखी
आमची घाई.

पेटी गेली विमानानं, शिशाच्या कवचात, समुद्रापार.
आठव्या दिवशी तीच परत दारात.
एका फॉर्मवर सही होती, शिक्का नव्हता.
पुन्हा पाठवली. शिक्का होता, पण निळा.
परत.
मी फोनवर कस्टमच्या माणसाला सांगत होते,
साहेब, तुमचा चहा संपेपर्यंत
यातले कित्येक लाख कोटी अणू गेलेले असतात.
तो म्हणाला, चहा नाही, जेवणाची सुट्टी आहे.

तिसऱ्या खेपेला पेटी तिकडेच राहिली.
मग महिनोन्महिने कॅल्शियमचा मारा, रात्रंदिवस,
आणि आम्ही इकडे रोज पोस्ट बघितल्यासारखे.
मधेच व्हर्लीन निवृत्त झाली. केक कापला.
सुरी धरताना तिची बोटं वाकडी दिसली,
मला इतकी वर्षं
फक्त काचेपलीकडची बोटं माहीत होती.

अहवाल आला : सहा.
सहा अणू, एकशे सतराव्या घरातले.
पापणी लवायच्या आत संपलेले.
कुणी त्यांना पाहिलं नाही;
आधी मुलगा सापडला, मग नातू, मग पणतू,
प्रत्येक जण मरताना एक ठिणगी टाकून गेलेला.
त्यांवरून मागे मोजत मोजत म्हटलं,
म्हणजे आजोबा होते.

मी गाडी काढून क्लिंटनला तिच्या घरी गेले.
ओसरीवर बसून ती शेंगा मोडत होती.
"सहा?"
"सहा."
ती काही वेळ शेंगाच मोडत राहिली.
मला वाटलं हसेल, एवढ्या खटाटोपाला सहा.
"नाव काय ठेवलं?"
म्हटलं, बारशाला वर्षं लागतील,
आधी दुसऱ्या कुणाला तरी ते सापडायला हवेत.
"तोवर हाक कशी मारायची?"
"नंबरानं."
"आईचाही नंबरच होता," ती म्हणाली,
"बिल्ल्यावर. मेली तरी आम्हाला पाठ होता."

निघताना तिनं शेंगांची पिशवी माझ्या हातात दिली.
नीट धर, म्हणाली,
तळाला फाटलीय.